लोककथेतील भुते आणि खेळातील प्राणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर किंवा नाट्यसंगीतावर बोलावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. मी मात्र आज मुलांच्या व्हिडिओ गेममधील चित्रविचित्र प्राण्यांविषयी बोलणार आहे. विषय काहीसा पोरकट वाटेल. परंतु घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना अस्वस्थ करणारा एक प्रश्न याच विषयाच्या पोटात दडलेला आहे. आजीने सांगितलेली गोष्ट नातवापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, हा तो प्रश्न. या वाटेचे सर्वांत स्पष्ट दर्शन जपानमध्ये घडते. म्हणून प्रथम तिकडे वळू.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्तेंडो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ हा खेळ जपानमध्ये विक्रीस आला. पुढे जगाने त्याला ‘पोकेमॉन’ म्हटले. त्याचे जनक ताजिरी सातोशी यांचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा भागात गेले. त्यांना किडे पकडण्याचा नाद होता. तेथील तळी बुजली, शेते गेली, वस्ती वाढली. किडे शोधण्याचा तो आनंद शहरातील मुलांना खेळातून मिळावा, ही त्यांची कल्पना. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते. आज ती संख्या हजारावर गेली आहे. खेळातील मुलुखाचे नावही कांतो, म्हणजे टोकियोच्या परिसराचेच ठेवलेले. या प्राण्यांपैकी काही जीवसृष्टीतून आले, काही निव्वळ कल्पनेतून. पण काही थेट आजीच्या गोष्टींतून उठून आले.

पहिल्याच खेळातील नऊ शेपट्यांचा कोल्हा घ्या. जपानी लोककथेत कोल्ह्याचे वय वाढते तशा त्याच्या शेपट्या वाढतात. अशीच एक नऊ शेपट्यांची कोल्हीण तामामो-नो-माए या लावण्यवतीचे रूप घेऊन सम्राटाच्या दरबारात शिरली. बिंग फुटल्यावर ती मारली गेली आणि नासु येथे तिची शिळा झाली. त्या शिळेजवळ ज्वालामुखीचे विषारी वायू निघतात, म्हणून तिचे नाव ‘प्राणघातक शिळा’. कवी बाशो १६८९ साली तेथे जाऊन आला होता. मार्च २०२२ मध्ये ही शिळा दुभंगलेली आढळली, तेव्हा कोल्हीण सुटली की काय, अशी थट्टामिश्रित चर्चा जगभर झाली. आपल्याला याहून जवळची गोष्ट पुढेच आहे. जपानी आख्यायिका सांगते की, ही कोल्हीण आधी चीन व भारत येथील राजांनाही भुलवून आली होती. भारतातील त्या राजाचे जपानी नाव हान्झोकु. हा हान्झोकु म्हणजे आपल्या महाभारतातील आदिपर्वात भेटणारा, शापाने राक्षस झालेला कल्माषपाद होय. बौद्ध ग्रंथांच्या सोबतीने तो चीनमार्गे जपानला पोचला. म्हणजे मुलांच्या हातातील त्या कोल्ह्याच्या मागे कुठेतरी आपलाही एक राजा उभा आहे!

दुसरे उदाहरण भूकंपाचे. जमिनीखाली नामाझु नावाचा प्रचंड मिशाळ मासा राहतो, काशिमा येथील देवाने त्याला शिळेखाली दाबून धरले आहे, आणि देवाचे लक्ष ढळले की तो शेपटी आपटतो, अशी जपानी समजूत. १८५५ साली एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, मोठा भूकंप झाला, तेव्हा या माशाची ठशाने छापलेली चित्रे तडाखेबंद खपली. २००२ सालच्या पोकेमॉन खेळात एक मिशाळ मासा आहे. त्याला भूकंपाची चाहूल आधीच लागते.

आता एक सूक्ष्म गोष्ट पाहा. उत्तम कल्पक चित्रकार लोककथेतील प्राण्याचे शरीर उचलत नाही. तो त्याचा स्वभाव उचलतो. खेळातील त्या कोल्ह्याची शेपटी धरणाऱ्याला हजार वर्षांचा शाप लागतो, असे त्याच्या वर्णनात लिहिलेले असते. शेपट्या नऊ काढणे कोणालाही जमेल. शापाची आठवण ठेवणे, ही खरी निष्ठा. २०१३ सालच्या ‘योकाई वॉच’ या खेळात तर हे अधिकच स्पष्ट दिसते. योकाई म्हणजे जपानी भुतेखेते. नदीत राहणारा कप्पा हा त्यांतला एक. त्याच्या डोक्यावर पाण्याची खोलगट थाळी असते आणि ती आटली की त्याची शक्ती सरते. या खेळातील कप्पा जमिनीवर भटकतो, म्हणून पाण्याची बाटली बरोबर बाळगतो! त्याच खेळातील एक मांजर ट्रकखाली सापडून मेलेले आहे. ते दोन शेपट्यांचे भूत होऊन त्याच चौकात वाहनांशी भांडत बसते. मेलेला जीव जागा सोडत नाही, ही समजूत जुनीच. चौक आणि ट्रक तेवढे नवे.

पण तरुण चित्रकाराला हे स्वभाव कळले कोठून? प्रत्येकाला गोष्टी सांगणारी आजी थोडीच लाभते! येथेच जपानने केलेल्या कामाचे मोल कळते. १७७६ साली तोरियामा सेकिएन या चित्रकाराने योकाईंची सचित्र पोथी काढली. पानावर एक भूत, शेजारी त्याचे नाव. पोकेमॉनमधील प्राण्यांची सूची याच घराण्यातली. पुढे मेजी काळात इनोऊए एन्रियो या तत्त्वज्ञाने भुताखेतांवरील विश्वास खोडून काढण्यासाठी गावोगावच्या कथा गोळा केल्या. गंमत अशी की, खोडण्यासाठी केलेल्या नोंदींनीही त्या कथा जपल्याच. ‘ही तर अंधश्रद्धा, ती कशाला टिपायची?’ असे विचारणाऱ्यांना यात उत्तर आहे. टिपून ठेवणे म्हणजे मानणे नव्हे.

तिसरे नाव यानागिता कुनिओ यांचे, आणि ते घेताना मला विशेष आनंद होतो; कारण हे गृहस्थ आमच्याच जातकुळीचे, म्हणजे सरकारी अधिकारी होते. कायद्याचे पदवीधर, शेती व व्यापार खात्यात नोकरी. १९१० साली त्यांनी ‘तोनो मोनोगातारी’ हे लहानसे पुस्तक स्वखर्चाने छापले. प्रती अवघ्या ३५०. तोनो या डोंगराळ गावच्या एका तरुणाने सांगितलेल्या ११९ कथा त्यात आहेत, आणि कप्पाही आहे. जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया त्या ३५० प्रतींनी घातला. आज तोनोत कप्पाच्या डोहावर प्रवासी काकडीचे आमिष लावून गळ टाकून बसतात, आणि त्यासाठी रीतसर परवानाही मिळतो! त्यानंतर आले मिझुकी शिगेरू. युद्धात त्यांचा डावा हात गेला. लहानपणी साकाइमिनातो गावी एका वृद्धेकडून ऐकलेली भुते त्यांनी उरलेल्या हाताने चित्रकथांतून घरोघर पोचवली. आजीपासून खेळापर्यंतची साखळी ही अशी आहे. तिच्यातील एक कडी जरी गळाली असती, तरी पुढची मुले रिकाम्या हाताने राहिली असती.

आता आपल्याकडे पाहू. आपले दारिद्र्य कल्पनेचे नाही. वेताळ, मुंजा, खवीस, देवचार, झोटिंग, चकवा, हडळ, जखीण, पाण्यात राहून रात्रीच्या वाटसरूला भुलवणारा गिऱ्हा : ही यादी कोणत्याही चित्रकाराला मोहात पाडील. नोंदीही झाल्या आहेत. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मागवली होती. १९०९ साली जॅक्सन यांचा वध झाला. ती सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली आणि तिचा कोकणविषयक भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. माहिती देणारे मास्तर आपले, गावे आपली, भुते आपली; ग्रंथ मात्र इंग्रजी. पुढे दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी लोकसाहित्याचे अफाट काम मराठीत केले. परंतु आपल्याकडे सेकिएनची पोथी झाली नाही, मिझुकी झाला नाही. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी’ हा देखणा खेळ जगापुढे आणला. त्यातले देव आणि असुर पुराणपरंपरेतले आहेत. पुराणे लिहिलेली होती, म्हणून ती हाती लागली. गावच्या वडावरचा मुंजा कोणाच्या हाती लागणार?

आणि आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांची अडचण तर अधिकच बिकट आहे. नोकरीच्या निमित्ताने आपण निघालो, तेव्हा देव्हारा बांधून घेतला, पाटा-वरवंटाही घेतला. भुते मात्र गावातच राहिली. कारण देव बरोबर येतो; भूत झाडाला, विहिरीला, बांधाला चिकटून असते. त्याला बदलीचा हुकूम लागू होत नाही! ते बरोबर आणायचे, तर एकच मार्ग : त्याच्या जागेसकट त्याला लिहून आणणे. आपल्या मुलांना कप्पा ठाऊक आहे. तो ठाऊक असावा, त्यात वावगे काही नाही. परंतु गिऱ्हा ठाऊक नसावा, हा दोष मुलांचा नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आम्हां सरकारी माणसांना तक्ता आखल्यावाचून चैन पडत नाही, हे आपण जाणताच. मंडळाने या महोत्सवी वर्षात एक जाड वही घालावी. तिच्यात रकाने पाच : नाव, गाव व नेमकी जागा, स्वभाव, त्याची भीती कशासाठी घातली जाई, आणि त्यावरचा उतारा. शेवटी सांगणाऱ्याचे नाव. चौथा रकाना गाळू नये. कप्पाने मुलांना खोल पाण्यापासून दूर ठेवले; आपल्या विहिरीतल्या भुतानेही तेच केले असेल. आपल्यात मालवणचे आहेत, खानदेशातले आहेत, वऱ्हाडातले आहेत, बेळगावकडचे आहेत. ऐंशी ओलांडलेली वडीलधारी माणसेही समोर बसलेली दिसतात. त्यांच्याकडे प्रत्येकी चार-दोन भुते निश्चित निघतील, आणि ती त्यांच्याबरोबर जाऊ देता कामा नयेत.

त्या वहीतून उद्या कोणी खेळ रचील की नाही, ते मी सांगू शकत नाही. यानागितांनी ३५० प्रती छापल्या, तेव्हा खेळाचे यंत्र त्यांच्या स्वप्नातही नव्हते. टिपणे हे आपले काम. उचलणारे हात पुढच्या पिढीत निघतात. वही मी आणली आहे, पहिले पान कोरे आहे. सभा संपल्यावर ज्यांना सवड असेल, त्यांनी कृपया थांबावे.