बोकडाचं बिल



चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. काही वर्षांपूर्वीचा मे महिना. दुसरी पाळी करून घरी आलो, झोपलो, आणि पहाटे तीनला उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की बायकोच्या ओढणीचा स्पर्शही सोसेना. रक्त तपासलं. युरिक अ‍ॅसिड 8.9.

कंपनीच्या बसमध्ये एकजण म्हणाला, "चाचा, बोकडाचं बिल आलं म्हणायचं!" सगळे हसले, मीही हसलो. पण ते मनात राहिलं. रविवारी मटणावर ताव मारणारे त्या बसमध्ये काही कमी नव्हते.

मी मटण सोडलं. मग डाळ सोडली, पालक सोडला. बकरी ईदला घरात कलेजी शिजली आणि मी ताक-भात खाल्ला. वर्षाने पुन्हा तपासलं : 8.4. तेव्हा मात्र राग आला. डॉक्टर हसले. म्हणाले, "चाचा, यातला बराचसा माल तुमच्याच घरचा आहे."

मी बी.ए.चा माणूस. त्यांनी समजावलं, मग मीही वाचलं. आपल्या प्रत्येक पेशीत प्युरिन नावाचे रेणू असतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी दोन प्युरिनची. शरीराचं चलनी नाणं म्हणावं ते एटीपी, तेही त्याचंच. इतकी गरजेची वस्तू शरीर बाजारावर सोडत नाही. ग्लायसिन, ग्लुटामिन अशी अमिनो आम्लं, थोडा कार्बन डायऑक्साइड आणि फॉलिक आम्लाने आणून दिलेले कार्बन असे तुकडे जोडून स्वतः घडवतं. कुठला तुकडा कुठून येतो हे 1940च्या दशकात अमेरिकेत जॉन ब्यूकॅनन यांनी शोधलं, तेही कबुतरांना खूण केलेला कार्बन देऊन आणि त्यांची विष्ठा तपासून. आमच्या शायरीत कबुतर नुसती चिठ्ठी पोचवतं!

घडवणं महाग, म्हणून शरीर जुनं टाकत नाही. आमचा एक नातेवाईक भंगारचा धंदा करतो, त्याला हे मी सांगितलं तर खूश झाला. सुटे झालेले बहुतेक प्युरिन पुन्हा कामाला लावले जातात. हे काम करणारं एक एन्झाइम काही मुलांमध्ये जन्मतःच नसतं. लेश आणि नायहन या डॉक्टरांनी 1964 साली अशा दोन भावांची नोंद केली. अशी मुलं स्वतःचेच ओठ, बोटं चावतात. ते वाचल्यावर माझ्या अंगठ्याचं मला फार वाटेनासं झालं.

उरलेल्या प्युरिनचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं. बहुतेक सस्तन प्राणी त्याचीही आणखी मोडतोड करतात. ते एन्झाइम माणसाच्या पूर्वजांनी लाखो वर्षांपूर्वीच गमावलं. म्हणजे ज्या बोकडाचं बिल माझ्या नावावर फाडलं, त्याच्याकडे ते एन्झाइम होतं, माझ्याकडे नाही!

रोजच्या युरिक अ‍ॅसिडपैकी साधारण दोन तृतीयांश शरीराचं स्वतःचं, एक तृतीयांश खाण्यातलं. आणि बहुतेक रुग्णांची खरी अडचण असते मोरीची : मूत्रपिंडं पुरेसं बाहेर टाकत नाहीत. रक्तात साचलं की अंगठ्यासारख्या थंड जागी त्याचे सुईसारखे स्फटिक होतात. सोलापूरचा उन्हाळा, घामाच्या धारा आणि पाळीत जेमतेम दोन ग्लास पाणी. वर थंडाव्यासाठी गोड कोल्ड्रिंक. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना एटीपी खर्ची पडतं आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डाळ मात्र उगाच सोडली होती. डाळी-पालकाने गाऊटचा धोका वाढल्याचं मोठ्या पाहणीत दिसलेलं नाही. आमच्याच खात्यातल्या एका माळकऱ्याला, अंडंही न खाणाऱ्याला, हाच आजार आहे. त्याच्याबद्दल बसमध्ये कुणी विनोद करत नाही.

मला अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं. ही गोळी प्युरिनसारखीच दिसते. युरिक अ‍ॅसिड बनवणारं एन्झाइम तिच्यातच अडकून बसतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचं हे काम. 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. एलियनबाईंनी पीएचडी केलेली नव्हती, हे मी आमच्या मुलीला आवर्जून सांगितलं.

डॉक्टरांनी कलेजीला पूर्ण माफी दिलेली नाही. ईदला दोन तुकडे, एवढाच करार. बाटलीभर पाणी पाळीत दोनदा भरतो, गोळी रोज घेतो, डाळ घरात पुन्हा माझ्या ताटात आली आहे. गेल्या खेपेला आकडा 5.8 होता.