वळीव पडला की गाव झाडाखाली



'कराड 4-11' या भुईमुगाच्या वाणानं आमच्या गावाचं नाव एके काळी लांबलांबच्या रानांत पोचवलं. पुढं जळगावचा 'जेएल-24' आला. वाण बदलले, मुळ्या खाणारी हुमणी मात्र हटली नाही.

स्वागताध्यक्षानं दोन गोड शब्द बोलून खाली बसावं, असा रिवाज आहे. पण माइक हातात आलाच आहे, तर बोलून घेतो.

हुमणी आपल्याला कळते ती उशिरा. भरल्या पिकात एखादं झाड मलूल दिसतं, हात लावला की अलगद वर येतं. मुळ्या गायब. खाली उकरावं तर पांढरी, अर्धगोल वळलेली अळी. मग दुकानाकडं धाव! मोठी झालेली अळी औषधाला सहजी दाद देत नाही, हे माहीत असूनही आपण पैसे ओततो. माळावरच्या हुमणीला गाठायचं ते वळवाच्या पहिल्या पावसानंतर. दिवस मावळला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, लिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात आणि उजाडायच्या आत मातीत शिरतात. फांदी हलवली की टपाटप पडतात. गोळा करा, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. खर्च नावापुरता. अडचण एवढीच की, मी माझी लिंबं झोडपली आणि शेजारी घरात बसला, तर त्याच्याकडचे भुंगेरे अंडी घालायला माझ्याच रानात. नदीकाठच्या हुमणीची तऱ्हा निराळी. ती शास्त्रज्ञांनी उलगडून सांगावी.

पानं खाणाऱ्या अळीसाठी बांधाला एरंडी लावतात. पतंग तिच्या पानावर पुंजक्यानं अंडी घालतो, वर तपकिरी केसांचं पांघरूण. पिल्लं निघाली की पानाची जाळी होते. हे सर्वांत आधी दिसतं ते खुरपणाऱ्या बायांना. ते पान त्यांनी वेळीच तोडून नष्ट केलं, तर एखादी फवारणी वाचते. पण किडीचं प्रशिक्षण मिळतं पुरुषांना, हे मला पटत नाही.

मावा आणि शेंडेमर रोग पसरवणारे फुलकिडे यांच्यावर दुपारी चर्चा आहेच.

इथं आलेल्या सरपंचांना एक विनंती. यंदा वळीव पडला की दवंडी द्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर टाका. पण त्या तीन-चार संध्याकाळी अख्खं गाव झाडांखाली आणा.