कापणीचे यंत्र आणि ज्वारीचे ताट

गव्हाचे पीक पक्व झाले की शेतकऱ्याच्या हाती फार थोडे दिवस उरतात. वेळेत कापणी झाली नाही, तर ओंब्यांतील दाणे झडू लागतात आणि एखादी अवकाळी सर वर्षाचे श्रम मातीत घालते. नांगरणी चार दिवस पुढेमागे झाली तरी चालते; कापणी थांबत नाही. म्हणूनच यंत्र येण्यापूर्वी जगभर एक अलिखित नियम होता : जेवढे कापता येईल तेवढेच पेरायचे. किती जमीन पिकाखाली आणायची, हे विळा ठरवीत असे.

हा नियम एकोणिसाव्या शतकात मोडला. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेल यांचे यंत्र १८२८ मध्ये शेतात चालले. अमेरिकेत सायरस मॅकॉर्मिक यांनी १८३१ मध्ये व्हर्जिनियातील शेतावर घोड्याने ओढावयाच्या यंत्राचे प्रात्यक्षिक करून १८३४ मध्ये पेटंट मिळविले. या कामात जो अँडरसन या गुलाम कारागिराचा हातभार होता; पेटंटवर मात्र त्याचे नाव नाही. मॅकॉर्मिक यांनी १८४७ मध्ये शिकागोला कारखाना काढला. त्या शहराच्या पश्चिमेस अफाट गवताळ माळ पसरला होता आणि माणसे थोडी होती. पुढे तो माळ गव्हाखाली गेला.

ऑस्ट्रेलियाने निराळी वाट धरली. मजुरांची टंचाई आणि कोरडी हवा अशा परिस्थितीत १८४३ मध्ये जॉन रिडली यांच्या यंत्राने ताट न कापता केवळ ओंब्या ओरबाडून घेण्यास प्रारंभ केला. काड शेतातच उभे राहिले. त्याची कोणास फारशी गरज नव्हती. १८८० च्या दशकात एच. व्ही. मॅके यांनी ओरबाडणे, मळणे व उफणणे ही तिन्ही कामे एकाच यंत्रात आणली. याच मॅके यांच्या कारखान्यातील मजुरीच्या प्रश्नावर न्यायमूर्ती हिगिन्स यांनी १९०७ मध्ये निवाडा दिला आणि अकुशल कामगारास दिवसाला सात शिलिंग ही कुटुंब पोसण्याइतकी मजुरी ठरविली. यंत्राच्या इतिहासात मजुरीचा प्रश्न असा वारंवार डोकावतो.

कापणी-मळणीचे हे संयुक्त यंत्र, म्हणजेच 'कम्बाइन', प्रारंभी वीस-तीस घोडे वा खेचरे ओढीत. स्वतःच्या इंजिनावर चालणारी यंत्रे १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात स्थिरावली. दुसऱ्या महायुद्धात माणसे आघाडीवर गेली, तेव्हा १९४४ मध्ये मॅसी-हॅरिस कंपनीच्या पाचशे यंत्रांचा ताफा पिकत जाणाऱ्या गव्हाच्या मागोमाग दक्षिणेकडून उत्तरेकडे कापणी करीत गेला. मध्य प्रदेशात गहू आधी पिकतो म्हणून पंजाबचे यंत्रचालक मार्चमध्ये तिकडे येतात आणि आपल्या गावचा गहू पिकेपर्यंत परततात. तो प्रकारही हाच.

येथवरची कथा यंत्राची झाली. पिकाची कथा फारशी सांगितली जात नाही, आणि महाराष्ट्राचा संबंध तिच्याशीच अधिक आहे.

अमेरिकेतील 'मायलो' व 'काफीर' या ज्वाऱ्या मूळच्या आफ्रिकेतल्या. ताटे उंच, लोळणारी. मायलोची कणसे तर मान मोडल्यासारखी खाली वाकलेली. कम्बाइनला असे पीक कापता येईना. तेव्हा तेथील संशोधकांनी पीकच बदलावयास घेतले. ओक्लाहोमातील वुडवर्ड येथे जॉन सीग्लिंगर यांनी निवडलेला 'व्हीटलँड' हा बुटका वाण १९३१ मध्ये आला. नावाप्रमाणेच तो गव्हासारखा यंत्राने कापता येई. टेक्सासमध्ये क्विन्बी आणि कार्पर यांनी ज्वारीची उंची मुख्यतः चार जनुके ठरवितात, असे १९५४ मध्ये मांडले. त्याच वर्षी स्टीफन्स व हॉलंड यांनी नर-वंध्यत्वाचा उपयोग करून संकरित बियाणे तयार करण्याचा मार्ग दाखविला. या बियाण्यासाठी जो मातृवाण वापरला गेला त्याचे नाव 'कम्बाइन काफीर-६०' होते. यंत्राचे नाव पिकाने धारण केले! अमेरिकेत ज्वारीचे दाणे गुरांना घालतात. ताट बुटके झाले म्हणून तेथे कोणाचे काही अडले नाही.

भारतात १९६४ मध्ये प्रसृत झालेला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, याच कम्बाइन काफीर-६० पासून तयार झाला. दुसरा पालक होता आयएस-८४. उत्पन्नाच्या दृष्टीने ही मोठी झेप होती आणि तिचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. खताला प्रतिसाद देणारे, न लोळणारे, लवकर येणारे पीक शेतकऱ्याच्या हाती आले. परंतु ज्या यंत्रासाठी ताट बुटके केले होते, ते यंत्र आपल्या शिवारात नव्हते. कापणी विळ्यानेच होत राहिली आणि कडबा मात्र कमी झाला. शिवाय पीक लवकर तयार होऊन पावसात सापडले की दाणे काळे पडत. घरोघरच्या स्त्रियांनी या ज्वारीच्या भाकरीला नावे ठेवली, त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. सीएसएच-९ सारख्या पुढच्या वाणांत दाण्याबरोबर कडब्याकडेही लक्ष द्यावे लागले.

ताटाला मान देणारे यंत्र होऊ शकत नाही, असे मात्र नाही. जपानमध्ये १९६० च्या दशकात भातासाठी लहान कम्बाइन तयार झाले. ते ताटे बुडाशी कापते, धरून ठेवते आणि केवळ लोंब्या मळणीच्या ढोलात सोडते. पेंढा अखंड बाहेर येतो. लहान खाचरे आणि पेंढ्याची गरज या दोन्ही गोष्टी त्या अभियंत्यांनी गृहीत धरल्या होत्या. याउलट पंजाबात मोठ्या कम्बाइनने भात कापल्यावर उभे धसकट व विखुरलेला पेंढा मागे राहतो, गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात आणि शेते पेटविली जातात. त्या धुराची बातमी दरवर्षी साऱ्या देशाला वाचावी लागते.

आता महाराष्ट्रातही कम्बाइन आले आहे. सोयाबीनच्या काढणीला ते वाढत्या प्रमाणावर वापरले जाते. हरभऱ्याचे झाड मूळचे बुटके व पसरट. पाते खाली नेले तर माती येते, वर उचलले तर घाटे राहून जातात. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले विक्रम' हा उभट वाढीचा, घाटे जमिनीपासून वर धरणारा वाण दिला. हरभऱ्यात ज्वारीच्या कडब्यासारखे उंच ताट गमवायचे नव्हते, तेव्हा येथे यंत्रासाठी झाड बदलणे योग्यच ठरले.

रब्बी ज्वारीला तो हिशोब लागू पडत नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली मालदांडी, एम ३५-१, आजही शेतकऱ्यांच्या पसंतीत आहे. तिचे ताट माणसाहून उंच होते. अनेक गावांत ती हाताने उपटतात, कारण वीतभर कडबाही सोडणे परवडत नाही. दुष्काळी वर्षी तर दाण्यापेक्षा कडब्यासाठी गिऱ्हाईक आधी दारात येते. येथे जमलेल्यांपैकी ज्यांनी कधी उन्हातान्हात ज्वारी उपटली असेल, त्यांना तळहाताचे काय होते हे सांगावयास नको. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. माणसे मिळत नाहीत म्हणून ज्वारीचा पेरा सोडणारे शेतकरी आहेत, आणि पेरा सुटला की घरची भाकरी व दावणीची वैरण दोन्ही विकत घ्यावी लागतात.

अशा ताटाला कदाचित कम्बाइनपेक्षा जुने यंत्र जवळचे ठरेल. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन ॲपलबी यांनी सुतळीला आपोआप गाठ मारणारी यंत्रणा सिद्ध केली आणि ताट कापून पेंढी बांधणारे यंत्र सर्वत्र पसरले. कम्बाइन आल्यावर अमेरिकेने ते टाकून दिले. आपल्याकडे कापून पेंढी बांधणारी लहान यंत्रे गव्हासाठी मिळतात. उंच, जाड ताटाच्या ज्वारीसाठी पाते, पकड आणि पेंढीचा आकार बदलावा लागेल. गावोगावी भाड्याने अवजारे देणारी केंद्रे निघत आहेत. तेथे यंत्र घेताना तासाला किती एकर कापणी होते, हा प्रश्न विचारला जातोच. मागे कडबा किती राहतो आणि तो पेंढीत राहतो की भुशात, हेही त्याच बैठकीत विचारले पाहिजे.