नियामक प्रथिने : गव्हाच्या काडीपासून कर्करोगाच्या गाठीपर्यंत

कोणत्या जनुकाने केव्हा कामाला लागायचे आणि केव्हा थांबायचे हे ठरवणारी प्रथिने ती नियामक प्रथिने. पेशीतल्या एकूण प्रथिनांत त्यांचे प्रमाण थोडे. पण रोपाची उंची, मुळांची दिशा, गाठीची वाढ या साऱ्यांवर त्यांचा अंमल चालतो. ही प्रथिने घडतात कशी याचा अभ्यास भरपूर झाला. ती मोडतात कशी हा प्रश्न मात्र बराच काळ मागे राहिला, आणि नियमनाचे निम्मे रहस्य तिथेच होते. नको झालेल्या प्रथिनाला पेशी यूबिक्विटिन या अवघ्या ७६ ॲमिनो आम्लांच्या प्रथिनाची साखळी जोडते. अशी खूण झालेले प्रथिन प्रोटिअसोम या यंत्रणेत कापले जाते. या शोधाला २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खूण कोणावर करायची याची निवड लायगेझ नावाची विकरे करतात. वनस्पती आणि माणूस या दोहोंत ही व्यवस्था मुळात एकच आहे.

वनस्पतींपुरते पाहिल्यास सर्वांत बोलके उदाहरण गव्हाचे. जुने उंच गहू खत वाढवले की लोळत. जपानच्या नोरिन-१० या बुटक्या वाणाचा गुण नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतील गव्हात उतरवला आणि त्यातूनच पुढे भारतात कल्याण सोना, सोनालिका ही वाणे आली. बुटकेपणाचे कारण कळायला मात्र १९९९ साल उजाडावे लागले. डेला गटातील प्रथिने रोपाची वाढ रोखून धरतात. जिबरेलिन हे संप्रेरक आले की त्याचा ग्राही डेलाला धरतो, लायगेझ त्यावर खूण करते, डेला नष्ट होते आणि काडी वाढू लागते. बुटक्या गव्हात डेलाचा सुरुवातीचा तुकडा बिघडलेला असतो. त्यामुळे ग्राहीला ते धरता येत नाही. संप्रेरक असूनही निरोध सुटत नाही आणि जास्तीचे खत ओंबीच्या कामी येते. हरितक्रांती म्हणजे एका प्रथिनाने मोडायला दिलेला नकार, असे म्हटले तर गव्हापुरती तरी अतिशयोक्ती होत नाही. भाताची गोष्ट निराळी. आयआर-८ मध्ये संप्रेरकच कमी तयार होते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत घड जिबरेलिनच्या द्रावणात बुडवतात तेव्हा मात्र उलटे घडते: बाहेरून आलेले जिबरेलिन डेलाला वाटेतून दूर करते आणि मणी फुगतात.

ऑक्झिन हे दुसरे संप्रेरक. अंकुर उजेडाकडे वळतो तो याच्यामुळे; त्या वळण्याचे प्रयोग डार्विन पितापुत्रांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. ऑक्झिनचा ग्राही सापडला २००५ मध्ये. टीआयआर-१ नावाचे हे प्रथिन लायगेझचाच एक भाग निघाले, हे अनपेक्षित होते. २००७ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा दिसले की ऑक्झिन टीआयआर-१ आणि निरोधक प्रथिन यांच्यामधल्या पोकळीत बसून दोघांना डिंकासारखे चिकटवते. टू-फोर-डी हे तणनाशक याच जागेत शिरते. रुंद पानांची झाडे त्याने मरतात, गवतवर्गीय पिके तगतात. म्हणून उसावरची फवारणी वाऱ्याने कापसावर गेली की कापसाची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात.

माणसात याच यंत्रणेचा सर्वाधिक अभ्यास पी-५३ या प्रथिनाच्या निमित्ताने झाला. १९७९ मध्ये सापडलेल्या या प्रथिनाला आधी कर्करोगाला मदत करणारे मानले गेले. ते कर्करोग रोखते हे सिद्ध व्हायला दहा वर्षे गेली. निरोगी पेशीत एमडीएम-२ हे लायगेझ त्याला सतत मोडत असते. डीएनएला इजा झाली की हे मोडणे थांबते, पी-५३ साठते आणि पेशीचे विभाजन रोखते किंवा तिला मरणाकडे नेते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ते बहुधा शाबूत असते. पण एचपीव्ही विषाणूचे ई-६ प्रथिन पेशीचेच एक लायगेझ ताब्यात घेऊन पी-५३ चा फडशा पाडते. या विषाणूची चाचणी किती उपयोगी, याचा जगात दाखला दिला जाणारा अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. त्यात १ लाख ३० हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा त्याचा २००९ मधला निष्कर्ष.

औषधांच्या इतिहासात थॅलिडोमाइडचे प्रकरण सर्वांत काळे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेल्या या गोळीमुळे हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. ती नेमके काय करते हे २०१० नंतर उमगत गेले. सेरेब्लॉन या लायगेझच्या घटकाला चिकटून ती भलतीच प्रथिने मोडायला लावते, ऑक्झिनच्याच धर्तीवर. त्यांतले सॅल-४ हे गर्भाच्या अवयवांच्या घडणीसाठी लागणारे प्रथिन २०१८ मध्ये ओळखले गेले. याच रेणूचा भाऊबंद असलेले लेनालिडोमाइड आज मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. तिथे मोडणारी प्रथिने त्या कर्करोगपेशींना जगवणारी असतात.

वनस्पतीतले ज्ञान थेट प्राण्यांच्या पेशीतही गेले आहे. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी भातातील टीआयआर-१ प्राण्यांच्या पेशीत घातले आणि हव्या त्या प्रथिनाला ऑक्झिन-संवेदी तुकडा जोडला. ऑक्झिन मिसळताच ते प्रथिन झपाट्याने नाहीसे होते आणि त्याच्यावाचून पेशीचे काय अडते ते पाहता येते. पद्धतीत एक खोट होती: ऑक्झिन नसतानाही थोडे प्रथिन मोडत राही. टीआयआर-१ मधले एक ॲमिनो आम्ल बदलून आणि त्याला जुळणारे कृत्रिम ऑक्झिन वापरून २०२० मध्ये ती दूर करण्यात आली आणि उंदरांमध्येही या पद्धतीचा वापर सुरू झाला.