खाऱ्या पाण्यातील हिरवे गुरुकुल



कोकणातील खाडीकाठचे कांदळवन भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्यात उभे असते. ज्या पाण्याने भातशेती नापीक होते, त्याच पाण्यावर ही झाडे हिरवीगार राहतात. कांदळाची मुळे बहुतांश मीठ बाहेरच अडवितात. तिवराची पाने आत आलेले मीठ बाहेर टाकतात. पानांतून बाष्प उडते, त्या ताणाने पाणी वर खेचले जाते. हा ताण शास्त्रज्ञ शोलँडर यांनी १९६५ मध्ये मोजून दाखविला. या झाडांचा पंप म्हणजे प्रत्यक्ष सूर्यनारायण!

मानवाला मात्र हेच कार्य महाग पडते. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते वेगळे करणारे पहिले व्यवहार्य पटल सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध केले. घरोघरीच्या 'आरओ' यंत्राचे मूळ तेच. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये याच तत्त्वावर दररोज दहा कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. परंतु हजार लिटर गोड्या पाण्यामागे तीन ते चार युनिट वीज खर्ची पडते.

येथेच निसर्गाचे दुसरे रहस्य साहाय्यास येते. सजीव पेशींच्या आवरणातील 'ॲक्वापोरिन' हे प्रथिन केवळ पाण्याच्या रेणूंना वाट देते, क्षारांना नाही. आपल्या मूत्रपिंडातही ते अहोरात्र कार्यरत असते. त्याचा शोध लावणारे पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल लाभले. पुढे हे प्रथिन बसविलेली पटले डेन्मार्कमध्ये तयार होऊ लागली.

तथापि भाबडेपणा नको. मीठ आणि पाणी विलग करण्यास किमान ऊर्जा लागतेच. अर्धे समुद्रजल गोडे करावयाचे तर हजार लिटरमागे सुमारे एक युनिट. कोणतेही पटल हा नियम मोडू शकत नाही. उरलेल्या अतिखाऱ्या पाण्याचा प्रश्नही शिल्लक राहतोच. झाड हा हिशेब संथ गतीने आणि फुकटच्या उन्हावर भागविते. माणसाला वेग हवा असतो, म्हणून मोल द्यावे लागते. ते मोल कमी करणे, हेच संशोधकांपुढील आव्हान.

ते पेलणारे तरुण आपल्याच घरांतून घडावेत. आणि तोवर खाडीत भराव टाकून हे हिरवे गुरुकुल कोणी गाडणार नाही, एवढी दक्षता तरी आपण घेऊ या.