कॉफीचा भाव लंडनमध्ये, जोखीम कोडगूत
(बंगळूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



विधानसौधाच्या शेजारी कॉफी बोर्डाची इमारत उभी आहे. १९४२ साली, महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद पडली असता, ब्रिटिश सरकारने कायद्याने सक्तीचा 'पूल' निर्माण केला. बागाइतदाराने घरखर्चापुरती कॉफी ठेवून बाकी सर्व बोर्डाच्या स्वाधीन करावयाची. बोर्डाने ती लिलावाने विकून प्रतवारीनुसार हप्त्याहप्त्याने पैसे द्यावयाचे. ही व्यवस्था समाजवादी नव्हती. मळेवाल्यांच्या बचावासाठीच ती जन्मली. हप्ते रखडत, आणि त्याबद्दल लहान उत्पादकांचा रोष रास्तच होता. पण भावातील चढउताराची जोखीम सर्वांच्या मालात वाटली जाई, एकट्या शेतकऱ्याच्या माथी बसत नसे. (याच बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करून कामगारांना रस्त्यावर आणले, तेव्हा कॉम्रेड ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ साली कामगारांची पहिली सहकारी संस्था बंगळुरातच उभी राहिली, हेही विसरता कामा नये.)

या पुलाला बाहेरून दोन आधार होते. एक, १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने सुरू झालेली निर्यात-कोट्याची पद्धत. दुसरा, सोव्हिएत युनियनशी रुपयांत चालणारा व्यापार. जुलै १९८९ मध्ये कोटे स्थगित झाले व जागतिक भाव कोसळले. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच उरले नाही. त्याच वर्षी नाणेनिधीच्या दडपणाखाली नवे आर्थिक धोरण आले. १९९२ मध्ये उत्पादकाला ३० टक्के कॉफी देशांतर्गत बाजारात स्वतः विकण्याची मुभा मिळाली आणि १९९६ पर्यंत पूल संपुष्टात आला.

प्रारंभी भाव चढे होते, म्हणून अनेकांना ही मुक्तीच वाटली. मग व्हिएतनामचे उत्पादन झपाट्याने वाढून तो देश ब्राझीलच्या खालोखाल आला. २००१ साली आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचा सरासरी निर्देशक भाव पौंडामागे ४६ सेंटांच्याही खाली गेला. कोडगू, चिकमगळूर, हासन येथील बागा कर्जात बुडाल्या. पाश्चात्त्य देशांतील भाजणाऱ्या मक्तेदार कंपन्यांनी मात्र कपाची किंमत त्या प्रमाणात उतरवली नाही.

आता उलट बाजू पाहावी. २०२४ मध्ये लंडनच्या वायदेबाजारात रोबस्टा टनाला ५,००० डॉलरच्या वर गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिकाने पौंडामागे ४ डॉलरची मर्यादा ओलांडली. भाव वाढला म्हणजे जोखीम गेली, हा भ्रम आहे. निर्यातदार गोदामात माल घेतो आणि भाव पडण्याच्या भीतीने लंडनला वायदा विकून ठेवतो. भाव चढला की वायद्यावरील तोटा त्याला रोजच्या रोज रोख मार्जिन भरून चुकवावा लागतो. गोदामातील मालाची वाढलेली किंमत मात्र माल पोहोचल्यावरच हाती येते. तेवढाच माल घ्यावयास पूर्वीच्या दुप्पट भांडवल लागते, आणि बँकेची कर्जमर्यादा आपोआप वाढत नाही. अशा वेळी टिकतो तो ज्याच्या पाठीशी वित्त भांडवल आहे तो बहुराष्ट्रीय व्यापारी. लहान निर्यातदार बाजूला सरतो, आणि शेतकऱ्याच्या दारात येणारे गिऱ्हाईक कमी होते.

त्यात युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी नियम आला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेली कॉफी नाही, याचा पुरावा प्रत्येक तुकड्याच्या भौगोलिक स्थानासह हवा. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे. जंगल राखणे योग्यच; परंतु कागदपत्रांचा भार दहा हेक्टरांखालील उत्पादकावर पडतो, आणि भारतातील बहुसंख्य कॉफीधारक याच गटात मोडतात.

तोडणी डिसेंबर ते मार्च चालते. ज्याचे कर्ज थकले आहे तो वाळवलेली चेरी लगेच दलालाला विकतो. त्यानंतर भाव चढला तर तो नफा साठवणूक करू शकणाऱ्याचा. आणि ज्या मजूर बाईने ती चेरी तोडली, तिची मजुरी लंडनच्या भावाशी जोडलेली नसून राज्य सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेशी जोडलेली आहे.