पन्नाशीनंतरचे स्वयंपाकघर : वनस्पतिजन्य आहाराचे अर्थकारण

(जयपूर येथे मराठी भाषक श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पन्नाशीच्या आसपास रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की अनेक घरांत आहारबदलाची चर्चा सुरू होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे, तर सुमारे १३.६ कोटी व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मांसाहाराबरोबरच दूध-तूपही वगळून घरचा स्वयंपाक केवळ वनस्पतिजन्य पदार्थांवर आणावा, असा विचार यातूनच बळावतो. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. या निर्णयाची किंमत कोणती आणि ती कोण मोजते, एवढेच मी मांडणार आहे.

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीत राजस्थानातील सुमारे ७५ टक्के, तर महाराष्ट्रातील सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आढळले. त्यामुळे जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला मासे-मटण सोडणे तुलनेने सोपे जाते. खरी अडचण दुधाची आहे. येथील बाटी तुपात बुडते, कढी आणि राबडी ताकावर होते. राजस्थान हे देशातील अग्रगण्य दूध उत्पादक राज्यांपैकी एक असल्याने दूध वगळणे म्हणजे येथील खाद्यसंस्कृतीच्या मध्यबिंदूलाच हात घालणे होय.

पर्याय मात्र याच मातीत आहेत. आपल्या उसळीतली आणि मिसळीतली मटकी येथे 'मोठ' म्हणून ओळखली जाते. देशातील तिचे बहुतांश उत्पादन राजस्थानात होते. मूग आणि बाजरी यांच्या उत्पादनातही हे राज्य आघाडीवर आहे. १९८३ मध्ये राज्यवृक्ष म्हणून घोषित झालेली खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगांची सांगरी, केर व भोकर ही मरुभूमीतील दुष्काळी दिवसांची भाजी. ही पिके व झाडे कमी पाण्यावर तग धरतात आणि कडधान्ये जमिनीला नत्रही देतात. दूरवरून आलेले, वेष्टनबंद व महागडे पर्याय विकत घेण्याची येथे गरज नाही.

शंभर ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम, तर शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात. दुधातील प्रथिने अधिक सुलभतेने पचतात, हे खरे. परंतु डाळ व धान्य एकत्र खाल्ल्यास एकातील उणीव दुसरे भरून काढते. तीळ आणि नाचणी कॅल्शियम देतात. ब-१२ जीवनसत्त्वाला मात्र डाळी-भाज्यांत पर्याय नाही. संपूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने ते पूरक गोळ्यांतून किंवा समृद्धीकृत पदार्थांतून घेतलेच पाहिजे. औषधे चालू असणाऱ्यांनी बदलापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. शिवाय वनस्पतिजन्य म्हणजे आपोआप आरोग्यदायी, असेही नव्हे. मटकीच्या पिठाची बिकानेरी भुजियाही वनस्पतिजन्यच आहे!

आता किमतीचा दुसरा भाग. कडधान्य भिजवणे, मोड आणणे, वाटणे, दोन वेळा ताजी भाजी शिजवणे यांस वेळ लागतो. २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामावर खर्च करतात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. घरातील पुरुषाने प्रकृतीसाठी नियम जाहीर करावा आणि गृहिणीने दोन वेगळे स्वयंपाक रांधावेत, ही व्यवस्था न्याय्य नाही आणि टिकाऊही नाही. हिशेबात न धरलेला हा खर्च कुणाच्या तरी विश्रांतीतून वसूल होतो. रात्री मटकी भिजत घालणे आणि सकाळी भाजी निवडणे ही कामे ज्याला आहार बदलायचा आहे त्यानेच अंगावर घेतली, तर बदल टिकण्याची शक्यता वाढते.

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. दूध हे राजस्थानातील असंख्य अल्पभूधारक कुटुंबांचे, विशेषतः स्त्रियांचे, रोजचे रोख उत्पन्न आहे. पाऊस चुकला तरी गाय-म्हैस घर चालवते. आपण निवडीने दूध सोडतो, तर अनेक गरीब घरांत ते परवडत नाही म्हणून मुलांच्या वाट्याला येत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने धान्याची हमी दिली, डाळींची नाही. आपल्या पथ्याला सर्वांसाठीच्या आहारधोरणाचे रूप देण्याचा मोह म्हणून टाळला पाहिजे.

डाळींच्या बाबतीत मात्र आपले आणि त्यांचे हित एक होते. देश अजूनही मोठ्या प्रमाणावर डाळी आयात करतो. २०२५ मध्ये सुरू झालेल्या डाळ आत्मनिर्भरता अभियानासाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद असून त्याचा भर तूर, उडीद व मसूर यांवर आहे. कोरडवाहू मूग-मटकीलाही खात्रीची बाजारपेठ मिळाली, तर शेतकऱ्याच्या हाती पैसा आणि गरिबाच्या ताटात डाळ पोहोचू शकेल. शहरी मध्यमवर्गाची मागणी या बाजारपेठेला आधार देऊ शकते.

तेव्हा आहार जरूर बदला. पण टप्प्याटप्प्याने, घरातल्या सर्वांशी बोलून आणि कामाची वाटणी करून. जवळच्या शेतात पिकणारे कडधान्य निवडा आणि ते रांधणाऱ्या हातांचा वेळही खर्चात धरा.